भिंतीतील ओलीचा उगम कसा शोधावा आणि ती कशी दुरुस्त करावी

मुंबईत जुलैमध्ये भिंतीवर डाग उमटला की बहुतेक घरांत दिवाळीच्या तोंडावर रंगारी बोलावला जातो. तो पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर ओलरोधक रंगाचे दोन हात मारतो, आणि पुढच्या जुलैत डाग त्याच जागी हजर होतो. पाणी मागून येत असताना पुढच्या बाजूने रंग लावून ते अडत नाही. म्हणून आधी उगम शोधावा. हा शोध पावसाळ्यातच नीट होतो. दुरुस्ती मात्र नोव्हेंबर ते मे या काळात करावी.

सुरुवातीला डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि दर आठवड्याला नवी रेघ ओढावी. पावसाची झड आल्यावर एक-दोन दिवसांत डाग पसरत असेल आणि उघडीप मिळताच आटत असेल, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत आहे. एप्रिलमध्येही तो ओलाच राहत असेल, तर भिंतीतल्या पाइपवर किंवा न्हाणीघरावर संशय घ्यावा. तळमजल्यावर जमिनीलगत आडवा पट्टा दिसत असेल आणि बोट फिरवल्यावर पांढरी खारट पूड हाताला लागत असेल, तर ओल इमारतीच्या पायातून वर चढते आहे. ओल स्विचबोर्डाजवळ असल्यास त्या भागाचा वीजपुरवठा आधी बंद करावा.

कपाटामागची काळी बुरशी कधी कधी निव्वळ कोंदट हवेमुळे येते. शंका असल्यास भिंत पुसून कोरडी करावी आणि त्यावर हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावी. बाहेरच्या बाजूला दव दिसल्यास दोष हवेचा, आतल्या बाजूला दिसल्यास भिंतीचा.

न्हाणीघराची परीक्षा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या संमतीनेच होते, आणि अनेकदा हीच सर्वांत अवघड पायरी ठरते. नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या भोकाचे, तोंड घट्ट बंद करून फरशीवर उंबऱ्याच्या खालपर्यंत रंगीत पाणी 24 तास साठवावे. तो रंग खाली उतरला की वादाला जागा राहत नाही. उतरला नाही तरी पाइप निर्दोष ठरत नाही. नळ बंद असताना फिरून गळती दाखवणारा स्वतंत्र मीटर घरोघरी नसल्यास प्लंबरकडून पाइपलाइनची दाब-चाचणी करून घ्यावी.

नैर्ऋत्येचा पाऊस तिरका लागत असल्याने पश्चिम आणि दक्षिणेकडच्या भिंती बाहेरून बारकाईने पाहाव्यात. बीम आणि विटा जिथे मिळतात तिथली चीर, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक आणि छज्ज्याचा वरचा भाग या नेहमीच्या जागा होत. सांडपाण्याच्या पाइपजवळ पिंपळाचे रोप उगवले असेल तर तिथे मुळांना पुरेल इतके पाणी नक्कीच मुरते आहे. ते वरवर छाटून भागत नाही, मुळासकट काढावे लागते.

दुरुस्ती पाण्याच्या बाजूने सुरू करावी. चीर रुंद करून, धूळ काढून पॉलिमरमिश्रित मसाल्याने भरावी. बीम आणि विटांच्या सांध्यावर फूटभर रुंदीची कोंबडजाळी (तारेची बारीक जाळी) ठोकून मगच गिलावा करावा. खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. गच्चीवरच्या कोब्याला दर 100 सेंटिमीटरला किमान 1 सेंटिमीटर उतार हवा. न्हाणीघरात आधी फरशीचे सांधे इपॉक्सीने भरून पाहावेत. तरीही गळती राहिल्यास फरशी उखडून जलरोधक थर नव्याने द्यावा आणि नवी फरशी बसवण्यापूर्वी पाणी साठवून परीक्षा घ्यावी. पायातून चढणारी ओल मात्र घरगुती उपायांनी हटत नाही. त्यासाठी जाणकाराकडून भिंतीत ओलरोधक थर निर्माण करून घ्यावा लागतो.

आतली बाजू सर्वांत शेवटी घ्यावी. क्षार धरलेला गिलावा हवेतलीही ओल शोषतो, म्हणून डागाच्या हद्दीबाहेर फूटभर तो विटांपर्यंत काढून टाकावा. नऊ इंची भिंत सुकायला कित्येक महिने लागू शकतात. कंत्राटदार घाई करतो, आपण करू नये. फॉइलची परीक्षा पुन्हा घेऊन आतली बाजू कोरडी निघाल्यावरच गिलावा, पुट्टी आणि रंग करावा.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणाऱ्या गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेचा असतो. तेव्हा तारखांच्या रेघांची छायाचित्रे जोडून लेखी अर्ज द्यावा. बीमवर तपकिरी डाग आणि लांबट चिरा दिसत असतील तर आतली सळई गंजली आहे असे समजून गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मुंबईत बंधनकारक आहे, त्यामुळे त्याचा अहवालही संस्थेकडे मागता येतो.