पडद्याचं कापड घ्यायच्या आधी साड्यांचं कपाट उघडा

पडदे शिवून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो. पांढरी भिंत, राखाडी सोफा, बेज पडदे, कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड. "ताई, अगदी असं करायचंय." मी विचारते, तुमच्याकडे राखाडी साडी आहे? बेज? नसते. जन्मभर डाळिंबी, मोरपंखी आणि हळदी रंगांत वावरलेली बाई घरासाठी राखाडी निवडते आणि सहा महिन्यांनी फोन करून सांगते, घर छान दिसतं हो, पण आपलं वाटत नाही.

म्हणून मी आता कापडाचे नमुने दाखवायच्या आधी साड्या काढायला लावते. तुमची आवड काय, हे तुम्ही इतकी वर्षं पैसे मोजून ठरवत आला आहात. ते सगळं कपाटात घडी घालून ठेवलेलं आहे.

सकाळी दहाच्या सुमाराला, ट्यूब बंद करून, साड्या पलंगावर काढा. दोन ढीग करा. एकात ज्या हात घालताच बाहेर येतात त्या: ऑफिसला, हळदीकुंकवाला, बँकेत जायला नेसलेल्या. दुसऱ्यात मानपानाच्या, कुणाच्या तरी आग्रहाखातर घेतलेल्या, एका लग्नापुरत्या नेसलेल्या. दुसरा ढीग परत आत ठेवा, तो तुमच्याबद्दल काही सांगत नाही. पहिल्या ढिगात दोन-तीन रंग पुन्हा पुन्हा दिसतील. नुकत्याच निवृत्त झालेल्या एक काकू मला ठामपणे सांगत होत्या की त्यांचा रंग गुलाबी. ढीग केला तर मेंदी, आमसुली, मेंदी, आमसुली. गुलाबी एकच, तीही सुनेनं घेतलेली. साडी नेसत नसाल तर कुर्ते आणि ओढण्या काढा, नवऱ्याचे शर्टही काढा, घर त्यांचंही आहे. आईची किंवा आजीची ट्रंक असेल तर उत्तमच.

अंग किती, काठ किती, पदर कुठे

रंग सापडले तरी कुठला किती वापरायचा इथे माणसं अडतात. ते उत्तर विणकरानं साडीत देऊन ठेवलंय. आवडती साडी पूर्ण उलगडा आणि बघा. अंगाचा रंग सगळ्यांत जास्त आणि शांत. काठ अरुंद पण ठसठशीत. पदर एकाच टोकाला, आणि सगळी कलाकुसर तिथे. खोलीचंही हेच प्रमाण धरा. अंगाचा रंग पडदे, पलंगपोस, जमल्यास भिंत अशा मोठ्या जागांवर. काठाचा रंग उशीच्या पायपिंगला, फोटोच्या चौकटीला, टीपॉयवरच्या पट्टीला. पदर एकाच ठिकाणी, साधारणतः सोफ्यामागच्या नाहीतर पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर. एका खोलीत तीन-तीन पदर मिरवले की पाहुण्याला कुठे बघावं कळत नाही.

समजा निळ्या-काळ्या चौकड्यांची, लाल काठाची इरकल आहे. भाड्याच्या घरात भिंत निळी करता येत नाही आणि मी करू देणारही नाही, खोली अंधारी होते. भिंत मलईसारखी राहू द्या, पडदे आणि पलंगपोस निळ्या चौकडीचे, लाल फक्त दोन उशांच्या कडेला, आणि लाल-पांढरा पदर भिंतीवर. झालं. याउपर तांब्याचा हंडा, वारली चित्र आणि मोरपीस एकाच कोपऱ्यात ठेवायची हौस असेल तर त्यातलं एक निवडा.

उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत गडद अंगाची साडी नको. तिथे माहेश्वरी बघा: अंग हलकं, प्रकाश आत येऊ देणारं, आणि तिचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे अस्तराशिवाय लावली तरी रस्त्यावरून उलटी बाजू दिसत नाही. काळी चंद्रकळा अनेकींकडे पडून असते. तिचे पडदे करू नका. पांढऱ्या बेडशीटवर पायथ्याशी आडवी पट्टी म्हणून ती फार देखणी दिसते.

कात्री कुठल्या साडीला लावायची

पैठणी, लग्नातला शालू, जुनी खऱ्या जरीची नऊवारी यांना नाही. जरीचा एक सुटा धागा नखानं खरवडून बघा. आत लाल-पिवळसर रेशमी दोरा दिसला तर बहुधा चांदीची जर आहे. अशी साडी मलमलच्या कपड्यात गुंडाळून ठेवा, घड्या वर्षातून दोनदा बदला, डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. भिंतीवर हवीच असेल तर सणापुरती लाकडी दांडीवर टाका आणि पुन्हा आत ठेवा. आणि दुसऱ्याच्या साडीला हात लावण्याआधी विचारा. सासूबाई "कर काय करायचं ते" म्हणाल्या म्हणजे होकार असतोच असं नाही.

बाकीच्या साड्यांमध्ये भांडीवालीला द्यायच्या लायकीच्या आणि पडद्याच्या लायकीच्या अशी निवड करायची. कापड कसलं ते कळत नसेल तर काठाचा धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. नायलॉन-पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. स्वयंपाकघरात वितळणारं काही लावायचं नाही, आणि गॅसजवळ किंवा देवघरातल्या निरंजनाजवळ तर कुठलाच पडदा नको. पश्चिमेच्या खिडकीला रेशीम टाळा, उन्हानं ते विटतं आणि काही वर्षांत घडीवर तडकतं.

मग साडी खिडकीसमोर धरा. निऱ्या खोचायची जागा आणि बसण्याची जागा विरलेली असते, उजेड तिथून जास्त येतो. खडूनं गोल करून ठेवा. इरकलीत पदर जिथे सुरू होतो तिथेही बघा. पारंपरिक इरकलीत अंगाचा ताणा (लांबीचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळे घेऊन फाशांनी एकमेकांत अडकवलेले असतात, जुन्या साडीत ती जागा कमजोर होते. पदर वेगळा कापणारच असाल तर नेमका तिथेच कापा.

फॉल आधी उसवा. त्याखालचा पट्टा मूळ रंगाचा राहिलेला असतो, कधीकधी बराच गडद. फरक फार दिसत असेल तर ती कड भिंतीच्या बाजूला येईल असा पडदा ठेवा.

हिशेब

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. तरी प्रत्येक साडी टेपनं मोजा, जुन्या साड्या पन्ह्याला कमी भरतात. सात फुटी दारासाठी एक पडदा: ८४ इंच, वर नेफ्याला ४, खाली दुमडपट्टीला ४, एकूण ९२. दोन पडद्यांना १८४. उरतात ३२ इंच, म्हणजे पदर जवळजवळ अख्खा वाचतो. नऊवारी ३२४ इंचांची धरली तर असे तीन पडदे आणि वर चार फूट कापड. चार फुटी खिडकीला रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर आणि सहा इंच वर घ्या, खिडकी मोठी दिसते. साठ इंच रॉडवर ४५-४५ इंचांचे दोन पडदे म्हणजे दीडपट चुणी. सुती साडीला तेवढी पुरते. जॉर्जेट असेल तर तीन पडदे लागतात.

आता एक गोष्ट जी कापल्यावरच लक्षात येते. साडीवरच्या कोयऱ्या आणि बुट्टे नेसल्यावर सरळ दिसतील असे, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे उभे असतात. साडी लांबीत उभी टांगली की सगळ्या कोयऱ्या आडव्या पडतात. म्हणून उंच पडद्याला साधी, चौकडीची, पट्ट्यांची किंवा गोल ठिपक्यांची साडी घ्या. कोयरीची साडी आडवीच लावा: एक काठ वर, एक खाली, उंची ४५ इंचांच्या आत. स्वयंपाकघराच्या खिडकीला किंवा ओट्याखाली असा अर्धा पडदा फार छान बसतो आणि कुठे जोड येत नाही. पदराचं उलट आहे. त्यावरची नक्षी पाठीवर लोंबताना दिसावी म्हणून असते, त्यामुळे तो उभाच टांगायचा.

शिवण

अस्तराला मांजरपाट किंवा पॉपलीन. पुण्यात असाल तर रविवार पेठेत कापडगंजात बरं मिळतं. आणलं की आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. मांजरपाट आटतं. न भिजवता जोडलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर वर जातं आणि साडीला खाली झोळ येतो. अस्तर साडीपेक्षा एक इंच आखूड ठेवा आणि खालून सुटं सोडा, फक्त वर आणि बाजूंनी जोडा.

मशीनला नवी सुई. पातळ साडीला ११ नंबर, अस्तरासकट सुती असेल तर १४. टाका थोडा मोठा. घसरणाऱ्या कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. काठाच्या कडेला वेगळी शिलाई नको, विणलेली कड स्वतःच पक्की असते. हौशी बायका तिथे पिको करतात आणि कड लाटांसारखी होते.

वर आयलेटपेक्षा, म्हणजे कापडात ठोकायच्या गोल कड्यांपेक्षा, नेफा बरा. आयलेटसाठी कापडाला भोकं पाडावी लागतात, जुनी साडी तिथूनच फाटत जाते. नेफ्याचा पडदा ओढायला जरा अडतो हे खरं, पण रोज पाच वेळा ओढायचा पडदा असेल तर मागे कापडी पट्ट्या लावून रॉड त्यातून घाला. घरमालक भोकं पाडू देत नसेल तर खिडकीच्या चौकटीत बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. त्यावर बिनअस्तराची एकेरी साडीच लावा, अस्तराचं वजन त्याला पेलत नाही.

पदरासाठी चिकटवणं हा प्रकार नाही. फेव्हिकॉल, सेलोटेप, काही नाही, डाग कायमचे पडतात. पदराला मागून धुतलेलं पांढरं सुती कापड कच्च्या टाक्यांनी जोडा, वर-खाली नेफा, त्यात लाकडी दांड्या. काचेत लावायचा असेल तर काच कापडाला टेकणार नाही अशी खोल चौकट सांगा, आणि थेट उन्हाची भिंत नको. उशांचे अभ्रेच करायचे तर हिशेब असा: १६ इंची उशीला १७ इंचांचे चौकोन, ते ४५ इंच पन्ह्यात दोन बसतात. मागची बाजू मांजरपाटाची. पदराच्या ३२ इंचांतून राहिलेली १५ इंचांची पट्टी टीव्हीखालच्या कपाटावर घालायला होते.

दिव्याचं मात्र संध्याकाळी बघायचं. सकाळी पसंत केलेली मोरपंखी साडी पिवळ्या बल्बखाली हिरवी होते, आणि थंड पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) ट्यूबखाली डाळिंबी रंग मरगळतो. लाल, हळदी, आमसुली घराला २७०० ते ३००० केल्विनचे बल्ब लावा, आकडा खोक्यावर छापलेला असतो. निळ्या-हिरव्या घराला ४००० चालतात. आधी बल्ब बदला, मग साडी पुन्हा बघा, मग कापा. दिव्यावर साडीच्या कापडाची शेड करायची असेल तर आत फक्त एलईडी, पाच-सात वॅटचा.

धुताना इरकल आणि खण पहिल्या दोन-तीन वेळा एकटे, गार पाण्यात. इरकलीच्या पदराचा लाल सुटला की शेजारचं सगळं गुलाबी. चाचणी सोपी आहे: पांढरा रुमाल ओला करून पदरावर दाबा. रंग आला तर अस्तर पांढरं घेऊ नका, विटकरी घ्या.

कात्रणं जमवत राहा, गोधडीपुरती झाली की वरखाली जुन्या सुती साड्या घालून धावदोरा टाकणारी कुणी शोधा. चाळीत, गावात अजून अशा बाया आहेत. शिलाईत घासाघीस करू नका, एका गोधडीला दिवसच्या दिवस जातात. आणि उसवलेला फॉल फेकू नका. पडदे बाजूला बांधायच्या पट्ट्या त्याच्याच करा: दुमडून एक शिलाई, टोकाला काठाच्या रंगाचं बटण.