मे महिन्यात उडताय? आधी पाणी

गोंदियाचं बिर्सी विमानतळ असो की चंद्रपूरची मोरवा धावपट्टी, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि धावपट्टीवर उभ्या सेसनाच्या, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाच्या, काचेआड त्याहून जास्त तापतं. पट्ट्याच्या बकलचा चटका बसला की कळतंच.

वर गेल्यावर गार वाटेल, या भरवशावर राहू नका. हजार फुटांना साधारण २ अंश उतरतात. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, साधारण त्याच उंचीवर असते; तिथं ४५ चे ४३ होतात, बस. त्यात व्हेंटच्या वाऱ्यानं घाम लगेच वाळतो, म्हणून अंगातलं पाणी किती गेलं ते समजतच नाही.

बरेच शिकाऊ वैमानिक मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण वर लघवीची सोय नसते. मीही हेच करायचो. एकदा तिसऱ्या सर्किटला टॉवरचं बोलणं दोनदा विचारावं लागलं आणि रडरच्या (शेपटीचं सुकाणू) पेडलवरच्या पायात गोळा आला. तिथंच उतरलो.

आता आदल्या संध्याकाळपासूनच थोडं थोडं पितो. लघवी गडद पिवळी दिसली तर उड्डाण पुढं ढकलतो. सकाळी चहा एकच, शिवाय मीठ घातलेलं पन्हं. ओआरएस घेतलं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. बाटली हाताशी, मागच्या सीटवर नाही. उपवास असेल तर सरळ सुट्टी.

आजी खिशात कांदा ठेवायला सांगते. ठेवतो बापा, पण पाणी पिऊनच.

डोकं जड झालं, मळमळलं, तर इन्स्ट्रक्टरला लगेच सांगा. शक्यतो सकाळी नऊच्या आत उतरून, विमान दोरांनी जागेवर बांधून मोकळे व्हा.