आपली ब्लॉकचेन कंपनीच्या घशात जाऊ द्यायची नसेल तर

सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या प्रोजेक्टची क्रिप्टो नाणी नेमकी कोणाकडे आहेत. कम्युनिटी मोठी आहे, डेव्हलपर जीव ओतून काम करतात, सगळं मान्य, पण जिथे मतं नाण्यांवर मोजतात तिथे ज्याचा गठ्ठा मोठा तोच मालक.

स्टीम या सोशल मीडियाच्या ब्लॉकचेनचं हेच झालं. सुरुवातीलाच तिच्यामागच्या स्टीमिट कंपनीने भरपूर नाणी माइन करून, म्हणजे स्वतःसाठी तयार करून ठेवलेली, हा साठा वाढीसाठी वापरू म्हणाले आणि लोकांनी विश्वास ठेवला. फेब्रुवारी 2020 मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सनने कंपनीच विकत घेतली, साठा आपोआप त्याच्या हातात. विटनेस लोकांनी (मतांनी निवडलेले, चेन चालवणारे) घाईघाईत सॉफ्ट फोर्क करून, म्हणजे चेनचे नियम आणखी कडक करून तो गोठवला तर दुसऱ्याची मालमत्ता अडवली म्हणून बोंब झाली. त्यामुळे असा साठा असेल तर त्यातून मतदान होणार नाही हे कोडमध्येच घाला, तेही आत्ता, गिऱ्हाईक दारात यायच्या आधी.

मग मतांचं गणित, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. स्टीमवर मुख्य विटनेस 20, आणि एका अकाउंटला 30 मतं, प्रत्येक मत पूर्ण वजनाचं! म्हणजे मोठ्या गठ्ठ्यावाल्याला वीसच्या वीस जागा एका फटक्यात. जागा 20 असतील तर मतं पाच-सहाच द्या, किंवा वजन मतांमध्ये वाटलं जाऊ दे, मग बाकीच्यांनाही चार खुर्च्या उरतात.

एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात पडलेली नाणी विसरू नका हां. मार्च 2020 मध्ये बायनान्स, हुओबी, पोलोनिएक्स यांच्याकडच्या ग्राहकांच्या नाण्यांची मतं सनच्या बाजूने पडली आणि जुने विटनेस वरच्या वीसमधून बाहेर फेकले गेले. बायनान्सने नंतर मतं काढून घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलेलं. स्टीममधून फुटून निघालेल्या हाइव या चेनने पुढे नियमच केला, नवीन पॉवर अप केलेल्या (मतदानासाठी अडकवून ठेवलेल्या) नाण्यांना विटनेसच्या मतदानासाठी 30 दिवस थांबावं लागतं. हा नियम सरळ उचला, आपल्याला सावध व्हायला महिना मिळतो.

आणि फोर्कची, म्हणजे चेनची प्रत काढून वेगळं होण्याची तयारी कायम ठेवा. 20 मार्च 2020 ला लोकांनी हाइव वेगळी काढली, बहुतेकांचे बॅलन्स कॉपी झाले, कंपनीचा साठा आणि सनच्या विटनेसना मतं देणारी काही अकाउंट सोडून. पण नाव आणि मुख्य साइट मागेच राहिली. तेव्हा ट्रेडमार्क, डोमेन, कोड जिथे ठेवतात त्या रेपोची अ‍ॅडमिन चावी एकाच कंपनीच्या नावावर आहे का ते आजच तपासा, आणि पब्लिक नोड (चेन चालवणारे, सगळ्यांना खुले सर्व्हर) निदान तीन-चार वेगळ्या लोकांकडे चालू ठेवा.