मस्टँगची चाके: १९ इंचांवरून १८ वर

होटगी रोडवरच्या एका खड्ड्यात माझ्या मस्टँग जीटीच्या पुढच्या रिमची आतली कड वाकली आणि तेव्हापासून ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. चाके बदलायची तर मूळच्या १९ ऐवजी मोठी, २० इंची घालावीत असे कुणालाही वाटेल; ती रुबाबदार दिसतात हे खरे, पण आपल्या रस्त्यांवर टायरची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचे रबर, जितकी उंच तितकी रिम सुरक्षित, म्हणून मी उलट १८ इंचांकडे वळलो. पुढे मूळचा २५५/४० आर१९ टायर (रुंदी २५५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ४० टक्के, रिम १९ इंची) काढून २५५/४५ आर१८ घातल्यास एकूण व्यास ६८६.६ ऐवजी ६८६.७ मिलिमीटर भरतो, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि भिंत मात्र १०२ वरून जवळपास ११५ मिलिमीटर होते. मागे २७५/४५ आर१८ घेतले. तिथे व्यास जेमतेम दोन मिलिमीटरने वाढला. ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणारा भाग, रिमला घासत नाही, हे एक चाक लावून हाताने फिरवून आधीच पाहिले होते.

नव्या चाकांचे बॅलन्सिंग (वजन सगळीकडे समान करणे) झाले, तरी थरथर कायम! दुकानदाराने अलाइनमेंटला, म्हणजे चाकांच्या कोनांना, दोष दिला. पण गाडी एका बाजूला ओढत नव्हती, त्यामुळे मला ते पटले नाही. चाक उतरवल्यावर उलगडा झाला. नटांच्या वर्तुळाचा ११४.३ मिलिमीटर व्यास जुळत होता, परंतु नव्या रिमचे मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे आणि हब (चाक ज्यावर बसते तो गाडीचा भाग) ७०.५ चा, त्यामुळे चाक नेमके मध्यावर बसतच नव्हते. ती फट भरणाऱ्या रिंगा चारही चाकांत बसवल्या, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) २०४ न्यूटन-मीटरवर आवळले आणि त्याच संध्याकाळी तुळजापूर रस्त्यावर ९० च्या वेगातही स्टिअरिंग स्थिर राहिले.