मी कॉलेज सोडलं आणि पाच वर्षांनी परत गेलो

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी कॉलेज सोडलं. सुट्टीत धरलेलं प्रोग्रामिंगचं काम चांगलं जमत होतं, दर महिन्याला पगार हातात पडत होता आणि वर्गात शिकवत होते त्यातलं निम्मं मला आधीच येतंय असं वाटत होतं. पाच वर्षांनी मी पुन्हा बाकावर जाऊन बसलो, तेव्हा शेजारची मुलं माझ्याहून पाच वर्षांनी लहान होती. ‘कॉलेज करण्यात अर्थ आहे का?’ असं आता शाळा संपवलेली मुलं मला विचारतात, म्हणून हे लिहितोय.

काम शिकण्यापुरतं बोलायचं तर बाहेरची पाच वर्षं वाया गेली नाहीत. अडचण आली ती वरच्या जागेसाठी अर्ज करताना. ऑनलाइन फॉर्ममध्ये शिक्षणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते: शालेय, पदवी, पदव्युत्तर. मी ‘शालेय’ निवडलं आणि पुढचं पानच उघडेना. माझं काम कुणी पाहिलंच नाही. पाहण्याची वेळच आली नाही.

यामागचं कारण नंतर वाचनात आलं. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं की शिक्षण म्हणजे माणसाच्या क्षमतेत केलेली गुंतवणूक. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू दाखवली: नोकरी देणाऱ्याला उमेदवाराच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या अनुभवात दोघंही खरे ठरले. खुणेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. तीन वर्षांपैकी दीड वर्ष केलं म्हणून निम्मी किंमत मिळत नाही. पदवी हातात पडते त्या शेवटच्या वर्षाला कमाईत वेगळी उडी दिसते, हे अभ्यासकांनीही नोंदवलंय. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, ‘हा कोर्स तू पुरा करशील का?’ अर्धवट सोडलेल्या कॉलेजात फी जाते, वर्षं जातात आणि खूणही मिळत नाही.

आता बेकर यांची बाजू. नोकरीत असताना मी बिलांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला होता. ०.१ आणि ०.२ मिळवले की उत्तर ०.३ न येता शेपटाला एक बारीकसा आकडा चिकटून यायचा. मी राउंड करून मोकळा व्हायचो. परत गेल्यावर पहिल्याच महिन्यात सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि ०.१ बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरसारखं फक्त ० आणि १ वापरून, लिहायला सांगितलं. लिहीत गेलो: ०.०००११००११००११... फळा संपला, आकडे संपेनात. एक तृतीयांश दशांशात लिहिताना तीन संपत नाहीत, तसंच हे. कॉम्प्युटर कुठेतरी तो आकडा कापतो आणि चूक तिथे शिरते. पाच वर्षं मी ज्या चुकीवर पट्टी लावत होतो, तिचं मूळ मला वीस मिनिटांत दिसलं. पुस्तकात हे आधीही होतंच, पण ‘का?’ म्हणून मला कुणी अडवलं नव्हतं. कॉलेजची खरी किंमत मला या अडवण्यात वाटते. सरांच्या केबिनचं दार वाजवायला लाजू नका.

स्टीव्ह जॉब्स यांचं उदाहरण मुलं हमखास देतात. त्यांनी १९७२ मध्ये रीड कॉलेज पहिल्या सत्रानंतर सोडलं हे खरं, पण पुढे वर्षभराहून जास्त काळ ते तिथल्याच वर्गांना जाऊन बसत होते, सुलेखनाच्याही. पदवी सोडली, शिकणं चालूच होतं.

मोठ्या नावाच्या कॉलेजसाठी डोक्यावर कर्ज घ्यावं का? स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच होती. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झालेला दिसला. तेव्हा कर्जाचा आकडा ठरवताना फीसोबत त्या वर्षांत बुडणारा पगारही धरा. आणि दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना विचारा, तुमच्यासोबत किती जण आले होते आणि किती जण पास होऊन निघाले?

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट व्हायचं असेल तर हा प्रश्नच नाही, जवळपास सगळीकडे कॉलेज लागतंच. हाताच्या कामाची ओढ असेल, तर जर्मनीसारखी पद्धत जिथे असेल तिथे जरूर पाहा: आठवड्यातले काही दिवस कामावर, काही दिवस व्यवसाय शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं. त्या प्रशिक्षणाला तिथे मान आहे आणि शिकतानाच पगारही मिळतो.

एवढं करूनही सोडायची वेळ आली, तर माझ्यासारखं नुसतं जाणं बंद करू नका. मी अर्ज दिला नव्हता, म्हणून परतताना दुसरं वर्ष सुरुवातीपासून करावं लागलं. पहिल्या वर्षाचे गुण धरले गेले ते आईने मार्कशीट जपून ठेवली होती म्हणून. ऑफिसात जाऊन रजेची सोय आहे का, किती वर्षांत परत येता येतं आणि कोणते विषय धरले जातात हे विचारा. उत्तर लेखी घ्या आणि त्यावर शिक्का मारून मागा.