मोठे पॉपर फेकण्यासाठी रॉड कसा निवडावा : नागपूरहून समुद्रावर जाणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या तलावांवर गरी टाकून रोहू, कटला आणि मरळ धरण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी काही जण आता वर्षातून एकदा अंदमानला, लक्षद्वीपला किंवा मालवण-वेंगुर्ल्याकडे जाऊन समुद्राच्या पृष्ठभागावर चालणारे मोठे ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारी कृत्रिम आमिषे, फेकतात. पॉपर हा त्यांतलाच एक प्रकार. अशा वेळी तलावावरचा एकही रॉड उपयोगी पडत नाही, आणि या कामाचा जड रॉड हातात धरून, वाकवून पाहता येईल असे दुकान नागपुरात मला तरी सापडलेले नाही. त्यामुळे मुंबई-चेन्नईहून किंवा परदेशातून, केवळ आकड्यांवर विसंबून रॉड मागवावा लागतो. ते आकडे नीट वाचता यावेत आणि रॉड घरी आल्यावर तो घरीच तपासता यावा, यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रॉड स्वप्नातल्या माशाच्या वजनावरून निवडू नये. आपण दिवसभर कोणते ल्यूर फेकणार आहोत आणि आपली पाठ किती ओढ पेलू शकते, यावरून निवडावा. जपानच्या कागोशिमा प्रांतातील तोकारा बेटांपाशी २००६ मध्ये ७२.८ किलो वजनाचा जायंट ट्रेव्हॅली हा समुद्री शिकारी मासा धरला गेला, आणि हा आकडा वाचून अनेक जण पहिलाच रॉड सर्वांत जाड घेतात. मीही तसेच केले होते. साडेआठ फुटांचा, सर्वांत जड वर्गातला रॉड घेऊन मी अंदमानला गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उजवा खांदा वर उचलेना. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा रॉड माझ्याहून दोन वर्ग हलका होता, पण त्याचे ल्यूर खडकाच्या कडेपर्यंत पोहोचत होते आणि माझे अलीकडेच पडत होते. मासे त्या कडेलाच होते. दिवसभरात दीडशे-दोनशे फेकी कराव्या लागणाऱ्या या प्रकारात शेवटची फेकही पहिलीइतकीच लांब जाणे हे रॉडच्या ताकदीपेक्षा अधिक मोलाचे असते.

आकड्यांची भाषा

जवळजवळ प्रत्येक जड रॉडवर ‘पीई’ हा आकडा छापलेला असतो. तो मुळात विणलेल्या लाइनची जाडी सांगणारा जपानी क्रमांक आहे. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, क्रमांक चौपट झाला की जाडी दुप्पट होते, म्हणून पीई ४ ची लाइन ०.३३, पीई ८ ची सुमारे ०.४७ आणि पीई १० ची सुमारे ०.५२ मिलिमीटर असते. पीई ८ ची चांगली लाइन साधारण ८० ते १०० पौंड, म्हणजे ३६ ते ४५ किलो ताण सहन करते. रॉडवर पीई ८ लिहिले असेल, तर तो रॉड त्या लाइनला शोभेल इतक्या ताणासाठी बांधलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. वेगवेगळ्या कारखान्यांचे पीई ८ रॉड हातात घेतल्यावर एकमेकांपासून बरेच वेगळे निघतात.

दुसरा आकडा ल्यूरच्या वजनाचा. तो औंसात असेल तर २८ ने गुणून ग्रॅम काढावेत. मर्यादा ६० ते १५० ग्रॅम अशी दिलेली असल्यास रॉड सर्वांत सुखाने साधारण ९० ते ११० ग्रॅमचे ल्यूर फेकतो. त्याच्या खाली रॉड पुरता वाकत नाही आणि वरच्या टोकाला तो फेकताना ढिला पडतो. वजन मोजताना गळ आणि स्प्लिट रिंग (ल्यूरला गळ अडकवणारी कडी) धरून मोजावे, कारण मोठ्या ल्यूरला लावलेले दोन जाड गळ वजनात सहज वीस-तीस ग्रॅमची भर घालतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरेसा आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे, जो छापील आकड्यांत कधीच दिसत नाही. पॉपरचे तोंड वाटीसारखे खोलगट असते. रॉड झटक्याने ओढला की ती वाटी पाणी ढकलते, आवाज होतो, फेस उडतो. त्या क्षणी रॉडवर येणारी ओढ ल्यूरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून मोठ्या वाटीचा १२० ग्रॅमचा पॉपर चालवायला जेवढा ताठ रॉड लागतो, तेवढा १५० ग्रॅमच्या स्टिकबेटला, म्हणजे वाटी नसलेल्या सडपातळ ल्यूरला, लागत नाही. उलट स्टिकबेट पाण्याखाली डोलत, सरकत चालावे लागते आणि फार ताठ शेंड्याचा रॉड त्याला पाण्याबाहेर फेकून देतो, विशेषतः लाटा उंच असताना. ज्यांना दोन्ही प्रकारची ल्यूर वापरायची आहेत आणि रॉड एकच घ्यायचा आहे, त्यांनी मऊ शेंड्याकडे झुकलेला रॉड घ्यावा असे माझे मत आहे, कारण मऊ शेंड्याने मध्यम आकाराचा पॉपर बऱ्यापैकी चालवता येतो, मात्र ताठ शेंड्याने स्टिकबेट चालवणे नवशिक्याला जमत नाही.

मग कोणता वर्ग घ्यावा? कोकणात किनाऱ्याजवळच्या खडकांवर सुरमई, बॅराकुडा किंवा मध्यम ट्रेव्हॅलीसाठी ४० ते ८० ग्रॅमची ल्यूर आणि पीई ३ ते ५ चा रॉड पुरतो. अंदमानच्या प्रवाळ खडकांवर जायंट ट्रेव्हॅलीसाठी पीई ६ ते ८ हा वर्ग योग्य आहे. हा मासा गळ लागताच खडकाकडे धाव घेतो आणि लाइन प्रवाळावर घासून तोडतो, म्हणून त्याला पहिल्या काही सेकंदांत थोपवावे लागते. जड रॉडची गरज खरे तर त्या काही सेकंदांसाठी असते. पीई १० आणि त्यापुढचे रॉड, ज्यांनी अशा दोन-तीन मोहिमा केल्या आहेत आणि ज्यांची शरीरयष्टी तशी आहे, त्यांच्यासाठी राहू द्यावेत.

लांबी, बुंधा आणि ओढीचे गणित

नावेवरून फेकण्यासाठी साडेसात ते साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २३० ते २६० सेंटिमीटर लांबीचे रॉड मिळतात. लांब रॉडने फेक लांब जाते, हे खरे. परंतु मासा लागल्यावर तीच लांबी माशाच्या बाजूने काम करते. एक साधा हिशेब करून पाहावा. बुंध्याचे, म्हणजे रॉडच्या हातात धरायच्या जाड भागाचे, टोक कमरपट्ट्यात टेकलेले आहे, पुढचा हात तेथून ६० सेंटिमीटरवर आहे आणि मासा ५ किलोंची ओढ देत आहे असे समजा. रॉड जवळजवळ न वाकता लाइनची ओढ टेकणीपासून १५० सेंटिमीटर अंतरावर पडत असेल, तर पुढच्या हाताला साडेबारा किलो पेलावे लागतात. रॉड खोलवर वाकून तेच अंतर १०० सेंटिमीटरवर आले, तर हातावर सव्वाआठ किलोंच्या आसपासच भार येतो. मासा तोच आणि ओढही तीच, पण माणूस किती वेळ टिकेल हे बदलून जाते. म्हणूनच केवळ ताठ असलेला रॉड चांगला म्हणता येत नाही. शेंड्याकडचा अर्धा भाग वाकून घेणारा आणि बुंध्याशी मात्र न नमणारा रॉड शोधावा.

उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल, तर माझा सल्ला ७ फूट १० इंच ते ८ फूट २ इंच या पट्ट्यात राहण्याचा आहे.

रील बसवण्याच्या जागेपासून बुंध्याच्या टोकापर्यंतचे अंतर बहुतेक खरेदीदार विचारतच नाहीत, आणि मागाहून त्रास होतो तो नेमका याचाच. हे अंतर बहुधा ४५ ते ५५ सेंटिमीटर असते. दोन्ही हातांनी फेकताना खालचा हात बुंध्याचे टोक आपल्याकडे खेचतो आणि वरचा हात पुढे ढकलतो. अंतर फार कमी असेल तर जोर लागत नाही, फार जास्त असेल तर बुंधा पोटाला किंवा जॅकेटला अडकतो. घरातला झाडू किंवा काठी घेऊन त्यावर ४५, ५० आणि ५५ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात, फेकण्याची कृती करून पाहावी आणि आपल्याला सोयीचे अंतर लिहून ठेवावे. विक्रेत्याने हे माप कळवले नाही, तर ते मोजून पाठवण्याची विनंती करावी. रॉड विकणाऱ्याला ते दोन मिनिटांचे काम आहे.

रॉडच्या माहितीत कधी कधी ड्रॅगची (ठरावीक ओढीनंतर लाइन सुटू देणारा रीलमधला ब्रेक) मर्यादा कोनासह दिलेली असते, जसे ४५ अंशांवर १० किलो आणि ९० अंशांवर त्याच्या निम्मे. हा तपशील देणारा उत्पादक मला अधिक भरवशाचा वाटतो. मासा नावेच्या अगदी खाली आला असताना रॉड उभा धरला, तर सगळा ताण शेंड्याच्या पातळ भागावर येतो आणि उत्तम रॉडही तेथे मोडतो. रॉड आडव्याकडे झुकलेला ठेवावा आणि ओढण्याचे काम बुंध्याला करू द्यावे.

घडण

कार्बनचा ताठपणा टनांमध्ये सांगितला जातो: २४, ३०, ४० टन. आकडा वाढतो तसा रॉड हलका आणि चपळ होतो, त्याचबरोबर नावेच्या कठड्यावर आपटल्यास तडा जाण्याची भीतीही वाढते. या वर्गात रॉडचे वजन साधारण ३०० ते ४५० ग्रॅम असते आणि त्यावर ६५० ते ९०० ग्रॅमचे रील बसते, त्यामुळे रॉडमध्ये तीस-चाळीस ग्रॅम वाचवण्यासाठी ठिसूळपणा विकत घेण्यात अर्थ नाही. मध्यम ताठपणाचा कार्बन पहिल्या रॉडला उत्तम.

लाइन ज्या कड्यांतून जाते, त्या गाइडवर काटकसर करू नये. सिलिकॉन कार्बाइडची कडी विणलेल्या लाइनचे घर्षण आणि उष्णता सहन करते. तिची चौकट दुहेरी पायांची असावी. टायटॅनियमची गंजत नाही, स्टेनलेस स्टीलची प्रत्येक दिवसानंतर गोड्या पाण्याने धुतली तर बरीच वर्षे टिकते. पीई ८ ची लाइन आणि १५० पौंडांच्या आसपासचा नायलॉन लीडर (लाइन आणि ल्यूर यांच्यामधला जाड दोरा) यांची गाठ फेकताना प्रत्येक कडीतून जाते, म्हणून शेंड्याची कडी फार लहान नको.

नागपूरहून नेण्याचा प्रश्न

आपल्याला समुद्रापर्यंत दोन टप्प्यांत जावे लागते, म्हणून रॉडचे तुकडे किती हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा आपल्याला अधिक महत्त्वाचा आहे. बुंधा वेगळा होणारा रॉड वाकण्यात सर्वांत चांगला, पण त्याचा वरचा एकसंध तुकडा १८० सेंटिमीटरच्या पुढे जातो. मधोमध जोड असलेल्या आठ फुटी रॉडचा तुकडा सुमारे १२५ सेंटिमीटर भरतो, आणि तीन तुकड्यांचा प्रवासी रॉड ९० सेंटिमीटरच्या आत येतो. अंदमानला जाताना चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबादला विमान बदलावे लागते आणि प्रत्येक कंपनीचे लांब सामानाचे नियम वेगळे असतात. तिकीट काढण्याआधी नळीची बाहेरची लांबी सांगून लेखी उत्तर घ्यावे. कोकणात रेल्वेने जाणाऱ्यांना १२५ सेंटिमीटरची नळी बर्थखाली निर्धास्त ठेवता येते. मी मधोमध जोड असलेला रॉड निवडला आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. जोडाला थोडे मेण लावावे आणि दर तासाने तो सैल झाला नाही ना, हे फिरवून पाहावे.

घरी तपासणी

रॉड आल्या दिवशीच तपासावा, म्हणजे परत करण्याची मुदत हातात राहते. प्रथम डोळ्यासमोर धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते पाहावे. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर कडीला बारीक तडा आहे. रील घट्ट बसवून हलवून पाहावे, किंचितही खेळ असता कामा नये.

त्यानंतर खरी परीक्षा. अंगणातल्या लिंबाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याला स्प्रिंगचा काटा बांधावा, लाइन कड्यांतून ओवून त्याला जोडावी, कमरपट्टा लावावा आणि रॉड ४५ अंशांवर धरून हळूहळू मागे रेलावे. सोबत्याला काटा वाचायला सांगावे, आणि त्याला लाइनच्या रेषेपासून बाजूला उभे करावे. ५ किलोंची ओढ प्रत्यक्षात केवढी असते हे पहिल्यांदा कळते तेव्हा बहुतेकांना धक्का बसतो. ड्रॅग साधारणपणे लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लावतात, म्हणजे पीई ८ वर ९ ते ११ किलो. तेवढी ओढ पाय न घसरता अर्धा मिनिट धरता आली नाही, तर ड्रॅग कमी ठेवावा आणि पुढच्या वर्गाचा रॉड घेण्याचा विचार सोडून द्यावा.

फेकीचा सराव शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, गळ काढलेल्या ल्यूरने करावा. ल्यूरचा रंग खरचटेल, त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. मागेपुढे कोणी नसेल याची खात्री करूनच फेकावे, कारण शंभर ग्रॅमचे ल्यूर लाइन तुटून सुटले तर दगडासारखे लागते. तर्जनीवर जाड हातमोजा हवाच, नाहीतर विणलेली लाइन बोट कापते. पाण्यावर सराव करायचा झाल्यास तलावाचा मासेमारीचा हक्क ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिला आधी विचारावे. ढीवर बांधवांची जाळी त्या पाण्यात असतात. मालवणला जाणाऱ्यांनी १९८७ मध्ये घोषित झालेल्या सागरी अभयारण्याची हद्दही आधीच समजून घ्यावी.

रॉड मोहिमेआधी दोन-तीन महिने तरी हातात यावा, म्हणजे खांदे तयार होतात. आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर असताना, तो बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या गच्चीखोलीत ठेवू नये. कड्यांचा आणि जोडाचा गोंद उष्णतेने सैल पडतो. घरातल्या थंड खोलीत, तुकडे वेगळे करून, कापडी पिशवीत आडवा ठेवावा.