डोक्याला मार लागलेल्या माणसाला चावायला काही देताय? या चुका टाळा

दादाचा गाडीवरनं अपघात झाला, डोक्याला मार लागला, मिरजेतनं सांगलीला घरी आणल्यावर महिन्याभरात शर्टाची कॉलर, टॉवेलचं टोक, स्वतःचं बोट, जे सापडेल ते चावायला लागला. भावकीतल्या एका काकांनी लगेच निदान केलं, "मावा सुटलाय ना, तलफ येत असंल" आणि सुपारीचं खांड हातात ठेवलं. तोंडात टाकायच्या आत वहिनीनं काढून घेतलं म्हणून बरं.

मग चूक मी केली. चावतोय ना, मग ऑनलाइन टीदर मागवलं, लहान पोरांचं. मोठ्या माणसाच्या जबड्यापुढं ते काय टिकतंय, दोन दिवसात चीर गेली, तुकडा पडून घशात गेला असता तर. शिवाय पाहुण्यांसमोर ते रंगीत अस्वल हातात दिलं की दादा भिंतीकडं तोंड करायचा, कळतं हो त्याला सगळं. मोठ्यांसाठीची कडक, एकसंध सिलिकॉनची नळी मिळते, ती घ्या. रोज धुताना ताणून, वाकवून बघा, जराशी चीर दिसली की टाकून द्या. गळ्यात अडकवायची असेल तर दोरी ओढल्यावर सुटणारी हवी.

पण नळी आणायच्या आधी तोंडात बघा! दादाची दाढ किडली होती, सांगता येत नव्हतं म्हणून चावत होता. तोंड येणं, गोळ्यांनी तोंड कोरडं पडणं, हलणारा दात, काहीही असू शकतं. काही गोळ्यांनी माणूस दातपण खातो, पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

आता सगळ्यात मोठी गफलत. चावता येतंय म्हणजे गिळता येतंय असं नसतंय. भेटायला येणारा प्रत्येकजण भडंगाची पिशवी आणतो, आणि ते कोरडे सुटे दाणे अशा माणसाला लई धोक्याचे. पातळ चहासुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतो, कधीकधी ठसकापण लागत नाही, नुसता खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरीत येतो किंवा सारखा ताप येतो. गिळणं स्पीच थेरपिस्ट तपासतात (नावात स्पीच आहे म्हणून आम्ही गेलोच नव्हतो, दादा बोलायला लागल्यावर जाऊ म्हणलं). नळी चावताना लाळ सुटते, म्हणून सरळ बसवूनच द्या, जवळ थांबा, झोपताना काढून ठेवा.

नळीवर दात घट्ट आवळले तर ती ओढू नका, ओढाल तेवढा जबडा अजून आवळतो. हात तसाच ठेवा, शांत बोला, सैल पडला की काढा. आपलं बोट कधीच आत घालायचं नाही, मी घातलंय, नख गेलं.

आणि फिट आली तर नळी नाही, चमचा नाही, पाणी नाही, तोंडात काहीच घालायचं नाही. कांदा नि चप्पल हुंगवणाऱ्यांना बाजूला करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, 5 मिनिटांच्या वर गेली की 108 ला फोन.